पुढचं गाणं

अल्बम ही अखंड कलाकृती असते आणि त्यातली निवडक गाणी उचलून संग्रह काढणं म्हणजे तिची खांडोळी करणं, असं कवळीवाल्यांचं ठाम मत होतं. रॉक संगीताविषयीचं हे मत ते कामाच्या ठिकाणी, लग्नांत आणि एकदा तर दवाखान्याच्या रांगेतही मांडून आले होते. धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा असल्यामुळे दाखला कायम हाताशी असे. "संग्रह म्हणजे नुसते पुढचे दात! दिसायला छान. दाढा कुठायत? चावणार कशानं?"

आज समोर व्याही बसले होते, म्हणून दाखला घशातच अडकला होता.

झालं होतं असं. व्याह्यांनी सुनेच्या, म्हणजे कवळीवाल्यांच्या मुलीच्या, वाढदिवसाला आपली लाडकी कॅसेट दिली होती. एका बँडची गाजलेली गाणी. लिफ्ट दुरुस्त करता करता त्यांनी ती उभा जन्म ऐकलेली. मुलीनं सगळ्यांदेखत ती परत केली. "अण्णा, आमच्याकडे संग्रह ऐकत नाहीत." त्या दिवसापासून व्याह्यांनी घरात टेप लावला नव्हता. आज सुनेला घेऊन ते स्वतःच आले होते.

"जरा नीट समजावून सांगा बुवा. आम्ही पडलो लिफ्टवाले. वर आणि खाली, एवढंच कळतं."

मुलगी खाली बघत होती. बापाचं मत तिनं सासरी मिरवलं होतं; आता ते बापानं निस्तरावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

कवळीवाल्यांनी कपाटातून त्याच बँडची रेकॉर्ड काढली, फुंकर मारली, सुई टेकवली. "मध्ये बोलायचं नाही. एकातून दुसरं गाणं कसं उगवतं ते बघा."

तिसरं गाणं संपलं. सुई खरखरत राहिली. त्या रिकाम्या जागेत कवळीवाल्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या गाण्याची सुरुवात गुणगुणायला लागले. त्याच क्षणी व्याहीही गुणगुणायला लागले. तीच चाल, तोच ठेका. दोघांनी खूश होऊन एकमेकांकडे पाहिलं.

रेकॉर्डवर मात्र भलतंच गाणं सुरू झालं.

"अरेच्चा!" व्याही उडालेच. "तुमच्याकडेही तीच कॅसेट? तिच्यातच याच्यानंतर ते लागतं!"

"तीच," चहाचा ट्रे घेऊन आलेली बायको म्हणाली. "दोनदा फीत तुटली. मीच नेलपॉलिशनं चिकटवून दिली. रेकॉर्डी मेल्या कपाटातच असतात. म्हणे झिजतात."

कवळीवाल्यांचे कान तापले. "नाही, म्हणजे… अल्बमचा मूळ हेतू…"

मुलीनं बापाकडे पाहिलंच नाही. "अण्णा," ती हळूच म्हणाली, "ती कॅसेट मला परत द्याल?"

व्याह्यांनी ती शर्टाच्या खिशातून काढली. "घे की. यांना तिच्यातल्या चुका दाखवायला लागेल म्हणून आणली होती."

सुई उचलायला उठण्याचं धाडस कवळीवाल्यांना झालं नाही. मध्ये बोलायचं नाही असं ठरलंच होतं, तेव्हा सगळ्यांनी ते चौथं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

ते बरंच लांब होतं आणि टाकाऊ होतं.