मोरीतलं भजन

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या दिवसांतली गोष्ट. मलकापूरच्या स्टेशनाजवळ शालिग्रामचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एका जिनिंगवाल्या शेटजींनी मुंबईहून तबकड्यांचा नवा ग्रामोफोन आणला, आणि त्यांच्याकडचं जुनं, मेणाच्या नळीवर चालणारं बोलयंत्र अडगळीत पडलं. शालिग्रामने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ चालू करून दिलं आणि मोबदल्यात ते यंत्र मागून घेतलं. नव्या ग्रामोफोनात नसलेली एक गोष्ट त्यात होती. त्याच्यापुढे बोललं की सुई मेणावर कोरत जायची, आणि मग तेच बोलणं परत ऐकवायची.

परत ऐकवायची, पण कसं? शालिग्रामने पहिल्या दिवशी हौसेने स्वतःचं नाव सांगितलं, तर मडक्यात डास अडकल्यासारखा आवाज आला. त्याचा थोरला भाऊ तुळशीराम पोट धरून हसला.

"हे काय बे? मानूस बोलून राह्यला का माशी?"

तुळशीरामला हसण्याचा हक्क होता. दर गुरुवारी त्याच्या ओसरीवर भजन बसायचं आणि त्याचा आवाज पार बाजारापर्यंत जायचा. नव्या भजन्याला तो सूर देताना डोळे मिटायचा, आणि चुकला की डोळे न उघडताच मान हलवायचा. दोघे भाऊ एकाच घरात, मधल्या भिंतीच्या दोन बाजूंना राहायचे.

त्या वर्षी तुळशीरामच्या गळ्याची गाठ वाढली. आधी सदऱ्याची गुंडी लागेना, मग आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. मुंबईच्या डॉक्टराने बघून सांगितलं की कापून काढावी लागेल. जीव वाचेल, आवाजाचं मात्र सांगता येत नाही.

परत आल्यावर तुळशीराम दुकानात येऊन बसला. 

"शालिग्राम, तुह्या त्या डब्यात मायं भजन बसते का रे?"

शालिग्रामच्या हातातला चिमटा थांबला. भावाने या यंत्राबद्दल सरळ तोंडाने विचारलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"बसवतो ना दादा," तो म्हणाला. बसेल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं.

नवं यंत्र घेणं आवाक्याबाहेरचं होतं. मुंबईच्या खर्चातच दोन्ही घरं वाकली होती. म्हणून हाताशी जे होतं त्यातूनच शालिग्रामने यंत्र सुधारायला घेतलं. सुई ज्या चकतीला जोडलेली होती ती तडकलेली निघाली. लग्नाच्या वरातीत फुटलेल्या एका गॅसबत्तीचं अभ्रक त्याने मागून आणलं, त्यातला पातळ पापुद्रा सोडवला आणि गोल कापून बसवला. एवढ्यानेच डासाचा माणूस झाला. नुसत्या 'स'ला मात्र अजून खरखर यायची. मग कर्णा. मूळचा आखूड होता आणि चेपलेला होता. बाजारातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडून त्याने हातभर लांब नवा करून घेतला. तो वरच्या सुरांना झणझणायला लागला, तेव्हा बाहेरून ओल्या सुतळीचे घट्ट वेढे दिले. किल्ली दिलेली कमान मधेच मंदावायची, म्हणून यंत्राचं पोट उघडून चाकं राखेने घासली आणि घड्याळाचं तेल सोडलं.

आता जागा राहिली. रस्त्यावरच्या बैलगाड्या आणि रेल्वेची शिट्टी आत येऊ नये म्हणून शालिग्रामने शेटजींच्या कापसाच्या गोदामात कोपरा मागितला. चहूबाजूंनी कापसाचे ढीग. तिथे शांतता अशी की स्वतःचा श्वास ऐकू येई. तुळशीराम गायला. नळी परत लावली, तर यंत्रातून फार लांबच्या शेतातून यावा तसा आवाज आला.

दोघे खाली मान घालून घरी आले. तुळशीरामची बायको रुक्मिणीबाई चुलीपुढे होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कापसात कायले गेले भावजी? कापूस तं आवाज पिऊन घेते. हे मोरीत आंघोळ करता करता गातात ना, तवा अख्खी आळी आयकते."

शालिग्राम उठून मोरीत गेला. तीन बाजूंना काळा दगड, खाली फरशी. त्याने टाळी वाजवली. टाळी परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंगाळ आणि बादल्या बाहेर निघाल्या. थंडीने मेण कडक झालं होतं, म्हणून नळी आधी उन्हात ठेवली. तुळशीराम चौरंगावर बसला. मोरीच्या दारातून आत आलेल्या कर्ण्याचं तोंड त्याच्या तोंडासमोर होतं.

"हालायचं नाही दादा. वरच्या सुराले जरा मान मांगं."

पहिल्या वेळी कडव्याच्या मध्यावर खोकला आला. शालिग्रामने पात्याने मेण तासून नळी पुन्हा गुळगुळीत केली. दुसऱ्या वेळी तुळशीराम शेवटपर्यंत गायला. आईने शिकवलेलं भजन होतं. शालिग्राम एका हाताने ब्रशने मेणाचा भुसा बाजूला सारत होता, आणि भाऊ गातोय याकडे आपलं लक्ष नाही असं दाखवत होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ गेली, श्वास मोकळा झाला. आवाज मात्र गेला. बोलायला गेलं की नुसती हवा यायची, त्यात थोडी अक्षरं. गुरुवारी भजनी आले की तुळशीराम आतल्या खोलीत जाऊन बसे. यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. ते काढायची शालिग्रामची हिंमत होईना.

एका सकाळी तुळशीरामनेच ते काढलं.

"लाव," तो म्हणाला.

कर्ण्यातून त्याचा स्वतःचा आवाज आला. जरा बारीक, पण त्याचाच. रुक्मिणीबाई दारात उभी राहिली. भजन संपलं. शालिग्रामला वाटलं, आता भाऊ रडेल. तुळशीरामने नाक पुसलं आणि तो कुजबुजला, "दुसऱ्या कडव्यात घाई केली बे म्या. लाव परत."

चौथ्यांदा मागितल्यावर शालिग्रामला सांगावंच लागलं.

"दादा, दर वक्ती सुई मेण खाते. असं लावत राह्यलो तं थोड्या दिवसांत काही उरनार नाही."

"मंग राखून कोनाले ठेवतं?" तुळशीराम तसाच कुजबुजला. तो बायकोकडे वळला. "तू म्हन."

"मी? चार मानसांत?"

"चार मानसं कुठं हायेत? इथं आपनच हावो."

ती तोंडावर पदर धरून, यंत्राच्या मागोमाग, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली. इतकी वर्षं दाराआड बसून ऐकल्यामुळे शब्द सगळे पाठ होते. चालच काय ती तोंडात बसायची होती. तुळशीराम डोळे मिटून ऐकायचा. सूर उतरला की मान हलवायचा. मग ती तीच ओळ परत घ्यायची. रोज सकाळी असं चाललं. नळीवरचा आवाज पुसट होत गेला, आणि तिने तोंडावरचा पदर कधी सोडला ते तिच्याही लक्षात आलं नाही. शेवटी यंत्रातून नुसती पावसाळी सरसर येऊ लागली. त्या सकाळी शालिग्रामचं जेवणावरून मन उडालं. तुळशीराम मात्र रोजच्यासारखा जेवला.

शिमग्यानंतरच्या एका गुरुवारी तो ओसरीवर भजन्यांत येऊन बसला आणि त्याने झांज हातात घेतली. आतल्या दाराशी रुक्मिणीबाई बसली होती. तिने भजन उचललं. मृदंगवाल्याचा हात क्षणभर थांबला, त्याने तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीरामने झांजेचा ठेका दिला, तसा मृदंगही सुरू झाला. एक म्हातारे भजनी उठून निघून गेले. बाकीचे बसले, आणि पालुपद सगळ्यांनी उचललं.

भजन आटोपल्यावर शालिग्राम वहिनीला म्हणाला, "तुमचंही भजन नळीवर घेऊ का वयनी?"

"पाहू," ती म्हणाली. "पन मोरीत एकटी नाही बसनार मी. हे झांज घेऊन संग पाह्यजेत."

"दोघं त्या कर्ण्याच्या तोंडात मावनार नाहीत."

तुळशीराम उठला, खोलीत जाऊन त्याने कर्णा उचलून आणला आणि त्याच्या तोंडावर वीत ठेवून तो मोजू लागला. मग धाकट्या भावाला हाताने खूण केली, की उद्या सकाळी त्या पत्र्यावाल्याकडे आपण दोघे जाऊ.