सोडलेली यिसोक

आईच्या हातात झेंडूची फुले आणि भाताची रिकामी टोपली पाहून लम्दुआनला वाटले, भिक्षूंना भिक्षा वाढून ती परत येते आहे. ते तर रोजचेच होते. पण आज आई विहाराच्या वाटेने नव्हे, नदीकडून येत होती, आणि तिच्या नेसूचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

"तुझ्यासाठी पुण्य करून आले," आई म्हणाली. "आता बाळंतपण सुखरूप होतंय बघ."

"काय सोडलंस नदीत?" लम्दुआनने सहज विचारले. बाजारातून जिवंत मासा आणून कोणी ना कोणी सोडतच असे. "मरळ?"

"मरळ कशाला? तुमच्याच पिंजऱ्यातली ती मोठी मादी सोडली. दिवस भरलेली बिचारी, आणि जाळ्यात कोंडलेली! बघवेना गं."

लम्दुआनने पोटाखाली हात धरला आणि ती उताराने धावत सुटली.

"पळू नकोस!" मागून आई ओरडली. "पोटाकडे बघ!"

मेकाँगच्या या पट्ट्यात यिसोक ही मोठी मासळी जाळ्यात येईनाशी झाली, त्याला बरीच वर्षे लोटली होती. लम्दुआन मत्स्यकेंद्रात रुजू झाली तेव्हा बोटभर लांबीची असलेली ही मादी तिने तळ्यात वाढवली होती, आणि यंदा प्रथमच तिच्या पोटात गाभोळी धरली होती. तळ्यातली यिसोक अंडी देऊ शकते की नाही, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. या हंगामात अंडी मिळाली नाहीत, तर यिसोकची तळी रिकामी करून तिलापिया माशांना द्यायची, असे वरून कळवले होते. वाहत्या पाण्यात अंडी पक्व व्हावीत म्हणून मादीला नदीतल्या तरंगत्या पिंजऱ्यात हलवले होते. काल संध्याकाळी तिला अंडी सुटण्याचे इंजेक्शन दिले होते. आज सकाळी तिचे पोट हलकेच दाबून अंडी काढायची होती.

पिंजऱ्याचे दार उघडे होते. त्याच्या दोरीत एक झेंडू खोचलेला होता.

केंद्राचा नावाडी खाम्पान मान खाली घालून उभा होता. "चहा घ्यायला गेलो होतो, बाई. जाताना आजी दिसल्या, पण मला वाटलं फुलं वाहतायत."

तोवर आई धापा टाकत पोचली. लम्दुआन वळली. "किती वर्षं वाढवली मी तिला! सगळं काम त्या एका माशावर होतं, आई. आता तळी जातील."

आईचा चेहरा उतरला, पण तोंड गप्प बसेना. "मला काय ठाऊक? विचारलं की म्हणतेस, तुला नाही कळायचं. मग मला कळलं तेवढं मी केलं."

 लम्दुआन असे म्हणत असे, हे खरेच होते.

"बाई," खाम्पान हळूच म्हणाला, "ती बघा."

शेजारच्या पिंजऱ्यात दोन नर होते. त्यांच्या जाळीला बाहेरून अंग घासत एक पट्ट्यापट्ट्यांची रुंद पाठ फिरत होती. मादी कुठेही गेली नव्हती. खाम्पानने फेकायचे जाळे खांद्यावर घेतले. "टाकू?"

लम्दुआनच्या ओठांवर 'टाका' आलेच होते. पण जाळ्यात मादी झटापट करणार, आणि टम्म भरलेले ते पोट झटापटीला टिकणारे नव्हते. थांबावे, तर इंजेक्शनचा परिणाम थांबणार नव्हता. अंडी आज सकाळीच बाहेर पडणार होती, नर जवळ असो वा नसो. नरही सोडून दिले, तर हाती मात्र काहीच उरणार नव्हते.

"नरांचं दार उघडा," ती म्हणाली.

"शुद्धीवर आहात ना? साहेबांना काय सांगायचं?"

"माझं नाव सांगा," आई मध्येच बोलली. "म्हणावं, म्हातारीने दोन्ही पिंजरे सोडले. माझी काय नोकरी जाणार आहे?" आणि ती दोरीकडे सरकली. "सरक बाजूला, मी सोडते. सकाळपासून हात बसलाय माझा."

खाम्पानला हसू आवरेना. लम्दुआन मात्र हसली नाही; तिने मान डोलावली आणि आईने नरांच्या दाराची दोरी सोडली.

तिन्ही मासे पिंजऱ्यांच्या खाली, गोट्यांच्या उथळ तळावर गेले. हिवाळ्यातले पाणी नितळ होते, म्हणून नरांनी मादीला दोन्ही बाजूंनी दाबलेले दिसले. मग शेपटांचे तडाखे बसले, पाणी ढवळून निघाले, आणि काही दिसेनासे झाले. लम्दुआन आणि खाम्पानने प्रवाहाच्या खालच्या अंगाला बारीक जाळीची पिशवी तळाशी लावली.

पहिल्यांदा पिशवीत वाळू आली आणि कुजलेली पाने. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पिशवी उपसली, तेव्हा वाळूत भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे चमकत होते. लम्दुआन तिथेच ओल्या दगडावर बसली.

"पांढरं पडेल ते मेलं," प्रयोगशाळेत तिने आईला समजावले. "नितळ राहील ते जगतंय. मेलेलं वेळीच काढलं नाही, तर शेजारच्यालाही सडवतं." हे ती आईला प्रथमच सांगत होती. आई ड्रॉपर घेऊन शेजारी बसली आणि पांढरे दाणे टिपू लागली. दुपारपर्यंत पांढऱ्यांचाच ढीग मोठा झाला. संध्याकाळी ओंजळभर नितळ दाणे उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दचकून मागे सरली.

"अगं बाई! आत वळवळतंय!"

लम्दुआनने वरिष्ठांना फोन लावला आणि जसे घडले तसे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो. तोवर तळ्यांना कोणी हात लावायचा नाही. आणि तुमच्या आईंना नदीपासून लांब ठेवा."

निरोप ऐकून आईने नाक मुरडले. ड्रॉपर तिने खाली ठेवला नव्हता. "ही पिल्लं मोठी झाली की काय करणार गं यांचं?"

"नदीत सोडणार. त्यासाठीच तर हे सगळं."

"हो ना? मग मी काय वेगळं केलं?"

याला उत्तर होते, आणि ते बरेच लांबलचक होते. पण आई नितळ दाण्यांना धक्का न लावता एक पांढरा दाणा अलगद उचलत होती. लम्दुआनने उत्तर दुपारच्या जेवणापर्यंत पुढे ढकलले आणि तिच्यासाठी दिवा थोडा जवळ ओढला.