मॉर्वेना परतली त्या दिवशी

न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओत तीन वर्षांपूर्वी मॉर्वेना चेटकिणीला जाळून टाकलं होतं. दुपारच्या भुताटकीच्या टीव्ही मालिकेत मेलेलं माणूस परत येतंच, त्यात नवल नाही. पण हिच्यासाठी प्रेक्षकांनी पोत्यांनी पत्रं धाडली. म्हणून मॉर्वेनाचं काम करणाऱ्या ऑगस्टा थॉर्लीला एका भागापुरतं बोलावलं होतं. जमलं तर वर्षाचा करार, नाही तर मॉर्वेनाची कायमची राख.

सकाळी तिने बर्नीसला मेकअपच्या खोलीत बोलावून घेतलं. कॅमेऱ्याशेजारच्या प्रॉम्प्टरवर संवादांची गुंडाळी फिरवायचं काम बर्नीसचं.

"दार लाव गं. आजारपणापासून काही पाठच राहत नाही बघ. सगळी भिस्त तुझ्या कागदावर."

"मी आहे ना, मॅडम. तुम्ही नुसते डोळे वटारा."

बोलायला काय जातं! चित्रीकरण मध्येच थांबवायची तिथे पद्धतच नव्हती. खोटी भिंत हलो, नाकावर माशी बसो, एकदा टेप सुरू झाली की सगळं तसंच्या तसं घरोघरी जायचं.

टेप सुरू झाली, शवपेटीचं झाकण वर झालं. ऑगस्टा उठून बसली, खाली उतरली. समोर मालिकेतल्या घराण्याच्या वारसदाराचं काम करणारी कोवळी लॉरेल उभी होती. आता अकरा ओळींचा शाप. बर्नीसने प्रॉम्प्टरची मूठ फिरवली आणि कागद टर्रकन फाटला. प्रॉम्प्टर कोरा!

आपण या बाईला बुडवलं, एवढंच बर्नीसला कळलं.

ऑगस्टाने कोऱ्या चौकटीकडे पाहिलं. मग हळूच मान वळवून लॉरेलकडे. बोलली काहीच नाही. एक पाऊल पुढे आली, आणखी एक आली. लॉरेलचे ओठ थरथरायला लागले, आणि ते काही लिहिलेलं नव्हतं. दिवे धरणारे दांडगे बाप्ये श्वास रोखून उभे. फाटका कागद हातात आहे हेही बर्नीस विसरली. एवढी मोठी नटी आपण आजवर नुसती कागद वाचतानाच पाहिली, असं तिला वाटलं.

"ओळखलंस?" अखेर ऑगस्टा पुटपुटली. लॉरेल खरोखरच किंचाळली.

टेप थांबताच दिग्दर्शक हॉवर्ड वरच्या नियंत्रण खोलीतून धावत खाली आला.

"अकरा ओळींचा शाप गिळलास तू, ऑगस्टा!"

"मग?"

"मग काय! करार आजच पाठवतो. असलं काळीज लागतं बघ, भीती म्हणून ठाऊक नाही बाईला!"

तो गेला. बर्नीस रडत माफी मागायला लागली, तशी ऑगस्टाने तिचा हात घट्ट धरला. ऑगस्टाचा तळवा बर्फासारखा गार होता आणि कोपरापर्यंत हात लटलट कापत होता.

"खुर्ची आण, बाळा," ती म्हणाली. "केव्हाची पडेन पडेन असं होतंय."