हुकूम मोडणारी कुत्री

कुत्र्याला हुकूम पाळायला कुणीही शिकवेल. हुकूम मोडायला शिकवताना मात्र आमची हाडं झिजतात. आंधळ्याने ‘चल’ म्हटलं आणि पुढे खड्डा असला, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही, मालक कितीही खेकसला तरी. डोरा नावाच्या कुत्रीला एवढं शिकवायला मला पाच महिने लागले.

युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. आंधळ्यांसाठी कुत्री तयार करणाऱ्या ब्रेमेनजवळच्या आमच्या शाळेत डोळे गमावलेल्या शिपायांची यादी संपत नव्हती. एकाला एकच कुत्रं, दुसरं मिळायची आशा नाही. डोरा सार्जंट एलर्ट बेरेन्सच्या वाट्याला आली. माणूस ताठ. त्याची बायको टोम्मा त्याला रोज दंडाला धरून फाटकापर्यंत आणायची, आणि तो दातओठ खात यायचा.

“मास्तर, मला फक्त एकट्याने जाऊन पाव आणायचाय,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “बकरी बाजाराला न्यावी तशी नेते ही मला. अख्खी गल्ली खिडकीतून बघते.”

“नेईल की डोरा. पण तिने ऐकलं नाही, तर चिडायचं नाही.”

“मी बावीस जणांची तुकडी चालवलीय. न ऐकणाऱ्याचं काय करायचं ते मला नका शिकवू!”

मी हसलो. हसायला नको होतं. वर मीही फुशारकी मारली, “बरोबर आहे, धनी कोण ते तिला आधी कळलंच पाहिजे.” युद्धाआधी मी पोलिसांची कुत्री तयार करायचो. ती जुनी खोड जिभेवर होती, दुसरं काय?

महिन्याभराने आम्ही एलर्ट आणि डोराला आठवडाभर घरी सरावाला पाठवलं. एलर्ट परत आला तो खुशीत.

“आता एका शब्दात चालते, मास्तर. आधी जिथेतिथे अडून बसायची. काठीने माज उतरवला तिचा.”

मी वाकून डोराची पाठ चाचपली.

“मी सांगत होते, मारू नकोस म्हणून,” टोम्मा म्हणाली. “पण ऐकेल तर तो एलर्ट कसला!”

परीक्षेच्या वाटेवर आम्ही कमरेएवढा खड्डा खणून ठेवतो. एलर्टला घेऊन डोरा त्याच्या काठाशी थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

“चल!” एलर्ट म्हणाला. ती हलली नाही. त्याने काठी नुसती उचलली. डोराने कान पाडले, अंग चोरलं आणि खड्ड्यात उडी टाकली. पट्ट्याची मूठ त्याच्या हातात होती. पाठोपाठ तोही कोसळला.

गुडघा फुटला होता, पण तो ओरडला नाही. त्याने दोन्ही हातांनी खड्ड्याच्या भिंती चाचपल्या, चारही बाजूंच्या.

“हिला दिसत होता हा खड्डा?”

“हो.”

“मग आली कशाला?”

“तू सांगितलंस म्हणून.”

तो हाताने तिला शोधू लागला. ती कोपऱ्यात आणखी आक्रसली.

“पुन्हा शिकवा हिला. मी थांबतो, मास्तर. वर्षभर थांबतो.”

“असं भ्यालेलं कुत्रं पुन्हा आंधळ्याच्या हाती देता येत नाही, एलर्ट. आणि यादीत अजून चारशे जण आहेत.”

धनी कोण, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं होतं. ते त्या वेळी कबूल करायला हवं होतं. त्यानेही आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

टोम्माने वाकून हात दिला. वर आल्यावर त्याने आपणहून दंड पुढे केला. डोराकडे तोंडही वळवलं नाही.

“पुढे दगड आहे,” टोम्मा म्हणाली. “उचल पाय.”

बावीस जणांच्या सार्जंटने निमूटपणे पाय उचलला.