धुऱ्याला बांधलेले डबे

हंसाबाईचा धाकट्या दिरावर, हिरासिंगवर काडीचाही विश्वास नव्हता. राळेगावकडच्या त्या तांड्यावर दोघांची वावरं लागून होती, मधे फक्त एक धुरा, म्हणजे मातीचा बांध. दिराने तो तिच्या वावरात रेटू नये म्हणून ही बाई रोज धुऱ्यावरून चालून यायची. एकदा संशय डोक्यात शिरला, की तिच्यापुढे डोकं आपटूनही उपयोग नसे.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी तांड्यातली उज्ज्वला कॉलेजातून चाकांचे चार डबे घेऊन आली. दोन हंसाबाईच्या वावरात सोडले, दोन हिरासिंगच्या. कपाशीच्या तासातासांतून, ओळींमधून, ते आपले आपण फिरायचे, अळीचे पतंग मोजायचे आणि मोबाइलवर निरोप धाडायचे. कुठली जागा नजरेबाहेर राहिली, की जवळचा डबा तिकडे सरकायचा. एवढं समजावून उज्ज्वला परीक्षेला यवतमाळला गेली.

दुसऱ्याच दिवशी हिरासिंगचा एक डबा धुऱ्यावर दिसला.

"माह्या वावराची मोजणी करून राह्यला मेला!" हंसाबाई कडाडली. "मले कळत नाही काय?"

तिने आपले दोन्ही डबे धरले आणि धुऱ्यावरच्या बाभळीला दोरीने करकचून बांधले, पहाऱ्याला. मग तर हिरासिंगचा डबा रोजच धुरा ओलांडून तिच्या कपाशीत शिरू लागला. तिने तो दर वेळी उचलून परत नेऊन टाकला. तिच्या मोबाइलवर मात्र 'धोका नाही' असा निरोप येत होता, आणि जगात तेवढ्याच एका गोष्टीवर तिचा विश्वास बसला होता.

पंधरा दिवसांनी वावराच्या मधोमध तिने एक बोंड फोडलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, त्यातही तीच. तिने आरडाओरडा करून तांडा गोळा केला. "यानंच डब्यात भरून अळ्या आणून टाकल्या!"

त्याच दिवशी परतलेली उज्ज्वला दोरीकडे पाहतच राहिली.

"काकी, हे काहून बांधले? ह्याइले धुऱ्यावरचंच दिसे. मधात पाहाले कोणी नव्हतं, म्हणून काकाचा डबा तुमच्याकडे येत होता."

हंसाबाईने झटकन हिरासिंगकडे पाहिलं. तो हसत असणार याची तिला खात्री होती. तो हसत नव्हता. धुरा ओलांडून तो सरळ तिच्या वावरात शिरला आणि किडकी बोंडं तोडून पोत्यात टाकू लागला.

'मागं फिर' हे शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पोत्याचं दुसरं टोक धरलं.