टेकाडावरच्या माणसांची गाय

मित्रांनो, मी डोणगावच्या नाल्याकाठी बांधलेली एक उतारवयाची काळी-पांढरी गाय आहे. तुम्ही मला 'जर्सी' म्हणता, कारण आपल्याकडे परदेशी रक्ताची प्रत्येक गाय जर्सीच. परंतु माझा वंश फ्रिजियन. आई इथलीच, गावरान. वडील मी पाहिले नाहीत. गुरांच्या डॉक्टरांच्या थंड डब्यातून, एका बारीक नळीतून त्यांचं रक्त या गोठ्यात आलं.

दोन्ही वेळच्या बादल्या मी भरत होते, तोवर माझे मालक इंद्रभान माझ्या पाठीवरून हात फिरवत. दूध घटलं, तसा तो हातही विरळ झाला.

माझ्या पूर्वजांना पाळणाऱ्या माणसांविषयी मला इंद्रभानांच्या सुनेकडून, सारिकाकडून कळलं. धार काढताना ती वाचलेलं सासूला, जनकाबाईंना सांगत असे. हॉलंडच्या उत्तरेला, समुद्राकाठी फ्रिजियन लोक राहतात. बांध नव्हते तेव्हा भरतीचं पाणी त्यांच्या दारात येई. मग त्यांनी माती आणि शेणाचे थर रचून टेकाडं उभारली आणि माणसं-गुरं त्यांवर एकत्र राहिली. शतकानुशतकं कोणा सरदारापुढे मान तुकवली नाही, असं ते अभिमानानं सांगतात. शाळा-कचेरीत दुसरी भाषा आली, तरी घरात नि गोठ्यात त्यांनी आपलीच जपली.

"म्हंजे उकिरड्यावर घर बांधे का वं ते लोक?" जनकाबाई हसल्या.

"हाव, आत्याबाई. अन् आपण गायीले नाल्यात बांधतो. गोठ्यात मुरूम टाकून जमीन उंच करू ना!"

"माह्या जलमात इथं पाणी नाही आलं," इंद्रभान म्हणाले. "अन् शेणखत वावरात जाते, सूनबाई. तुह्या त्या लोकायले वावर नसन."

मी ऐकत होते. त्या दिवसापासून नाल्याचा आवाज मला निराळा वाटू लागला.

श्रावणातल्या एका दुपारी वरच्या अंगाला ढग फुटला. पाणी गोठ्यात शिरलं, गुडघ्यांपर्यंत चढलं, पोटाला लागलं. माझ्या वासराचं फक्त तोंड वर उरलं. इंद्रभान धावत आले आणि त्यांनी आमची दावी अधिकच आवळली.

"मामाजी, सोडा त्यायले! बांधलेलं ढोर बुडते!" सारिका ओरडली.

"सोडली त धारेत जाईन ते!"

"अन् बांधून काय तिची पूजा करता?" म्हणत जनकाबाई विळा घेऊन पाण्यात उतरल्या आणि त्यांनी दोन्ही दावी कापली.

मला वाट कोणी दाखवली नाही. वासराला तोंडानं ढकलत मी गोठ्यामागचा, खत वावरात गेल्यावर निम्मा उरलेला उकिरडा चढले. पाय रुतत होते, पण जमीन होती. मागोमाग ती तिघंही आली. जनकाबाई म्हणाल्या, "झालो का आपण बी त्या उकिरड्यावरल्या लोकायच्यातले?" इंद्रभानांचा हात पुन्हा माझ्या पाठीवर होता.

पाणी ओसरलं. मुरूम टाकायचं ठरलं आहे. अजून आलेला नाही. माझा खुंटा जुन्याच जागी आहे.

मित्रांनो, पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं रंगवता, झूल घालता. ते गोड वाटतं. पण पाणी चढण्याआधी आमचं दावं सोडा, आणि उभं राहण्यापुरती उंच जमीन द्या. मी हल्ली बसत नाही. माझं वासरू मात्र निवांत झोपतं. त्याला वाटतं, आई उभी आहे तोवर जमीन उंचच आहे.