तोंड दक्षिणेकडे

“हात नाय लावायचा त्येला!” रंगूबाई लोखंडी खांबाला पाठ टेकून उभी राहिली.

शुभदाताईंनी पाना परत पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला आणि अंगणातल्या दगडावर बसकण मारली. पोलादपूरच्या कचेरीतून आधी एसटी, मग दीड तासाची चढण. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, मंजूर तेवढा होत नव्हता. सौरदिव्यांच्या योजनेची तपासणी खरं तर ओव्हरसियरची. पण ती जागा चार वर्षं रिकामी होती, आणि रिकाम्या जागेचं काम कारकून बाईच्या टेबलावर आपोआप येऊन बसतं.

वाडीत अजून विजेची तार नव्हती, म्हणून ही योजना. खांबावरच्या सौर पॅनेलचं तोंड पूर्वेला होतं, आणि पूर्वेला डोंगर. ऊन डोंगर उतरून येईपर्यंत दहा वाजायचे, दुपारनंतर पॅनेलची उन्हाकडे पाठ. बॅटरी उपाशी, घरातले दोन्ही दिवे मुके.

“बसवणारा दक्षिणेला तोंड करून गेला होता. फिरवलं कुणी?”

“म्याच. शेजारच्या श्रीपतभावजींना हाताशी धरून.”

“अहो, दिशा चुकली की अनुदान नामंजूर होतं. निम्मे पैसे सरकारचे आहेत. मार्च संपायला चार दिवस उरलेत. ते आले नाहीत तर दुकानदार बॅटरीसकट सगळं उचलून नेईल.”

“न्हेऊ दे! पुन्ना चिमनी पेटवीन. दक्षिन यमाची दिशा, बाई. ह्यो आरसा बसवला आनि त्याच आठवड्यात आमचे अंथरुनाला लागले. दिसभर तिकडं तोंड करून उभा र्‍हायचा मेला, जसा काय बलावतोय त्येला!”

उघड्या दारातून खोकल्याची ढास ऐकू आली. आत रंगूबाईचा नवरा हैबती पडून होता.

शुभदाताईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

“धनत्रयोदशीला यमाला दिवा लावता ना तुम्ही? दक्षिणेकडे वात करून?”

“लावते. पर तो येक दिस.”

“मीही लावला होता. आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा. कणकेचा, अगदी नीट दक्षिणेला.”

रंगूबाईची नजर त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे गेली आणि लगेच खाली उतरली.

“मंग?”

“मग काय. तरी आलाच. दिशेचं त्याला काही नसतं, रंगूबाई.”

आतून हैबती बोलला.

“फिरव गो तो आरसा. त्याला येयाचंच आसंल तं उजेडात येऊ दे. आंधारात चुकून श्रीपतच्या घरात शिरला म्हंजे? त्येची गुरं कोन बघंल?”

“तुमचं आपलं कायतरीच!” रंगूबाईने पदर तोंडाला लावला. हसली की रडली ते कळलं नाही. मग तिने हात पुढे केला. “आना तो पाना. फिरवायचा तं मीच फिरवनार.”

शुभदाताईंनी मुलाच्या दप्तरातलं जुनं होकायंत्र तळहातावर धरलं. “अजून थोडं. थोडं. बास.” रंगूबाईने नट आवळला, आणखी एकदा आवळला. हैबतीचा अंगठा फॉर्मवर ‘लाभार्थी’ या शब्दाखाली उमटला. अनुदान तीस तारखेला सुटलं.

जून तोंडावर आला तेव्हा रंगूबाई कचेरीत आली. हातात रिकामी बाटली, कपाळ मोकळं.

“बॅटरीचं पानी कुठं गावतं, बाई? बसवनारा बोललेला, हिरीचं नाय चालत.”

“स्टँडसमोर. बॅटरीवाल्याकडे.” शुभदाताईंनी खुर्ची पुढे ओढली. “कधी?”

“आखितीच्या दुसऱ्या दिशी. फाटंचं.” रंगूबाई बसली नाही. “दिवा लावलेला. पुरं तोंड दिसलं त्यांचं. चिमनीत नसतं दिसलं.”

फायलीत लाभार्थ्याचं नाव आता बदलावं लागणार होतं. शुभदाताईंनी फाईल काढली, आणि नुसतीच समोर ठेवली.

“पॅनेल परत फिरवलं नाहीत ना?”

“कशाला?” रंगूबाईने बाटली काखेला मारली. “आता आपलंच मानूस हाय की तिकडं.”

आणि ती बॅटरीवाल्याच्या दुकानाकडे चालू लागली.